मसाल्याची पुरचुंडी

पुनरुत्थान दिनाच्या, म्हणजे ईस्टरच्या, दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी मी गाव सोडलं. ह्यांना जाऊन चार महिने झाले होते. मुलगा सुधीर आठवडाभर आधीच न्यायला आला होता, पण मी त्याला थांबवलं. म्हणाले, रविवारची पहाट दफनभूमीत करूनच येईन. एक पत्र्याची पेटी, एक गोधडी आणि पवित्र शास्त्राचं पुस्तक, एवढं सामान होतं. सरू, तू माझी धाकटी जाऊ, एसटीच्या खिडकीपाशी उभी राहून म्हणालीस, "आक्का, तिकडं पहाटेला तुझ्यासंगं कोण येणार?" मी म्हणाले, "नाही आलं तर एकटी जाईन." गाडी सुटली. मी रडले नाही. तूही नाहीस, कारण तुला छपरावर वाळत घातलेले पापड आठवले होते.

त्याला बारा वर्षं झाली. परवा तू फोनवर म्हणालीस, "दफनभूमीत भाऊजींच्या शेजारची तुझी जागा राखून ठेवलीय. आता चर्चच्या मंडळीत त्यावरून कुरबूर होते. येणार का नाही, एकदाचं सांग. कुठलं घर तुझं, ते तरी कळू दे." फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. आपल्यातल्या ज्या बाया मुलांमागे शहरात गेल्या त्यांनाही वाचायला दे. हाच प्रश्न त्यांनाही कोणीतरी विचारणार आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण आई रोज संध्याकाळी मला शास्त्र मोठ्याने वाचायला लावायची. म्हणायची, "सण का आहे ते ठाऊक नसेल, तर तो नुसता जेवायचा दिवस." ती सवय लागली. नाताळची तारीख शास्त्रात नाही. पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, तीन होते असंही नाही. भेटी तीन लिहिल्या आहेत, माणसं किती ते लिहिलेलं नाही. लिहिलंय ते असं, की नावनोंदणीसाठी गरोदर बाईला परगावी जावं लागलं, उतारशाळेत जागा मिळाली नाही, आणि पुढे बाळाला घेऊन मिसर देशात पळावं लागलं. इथे पनवेलला आमच्या बिल्डिंगमध्ये नाताळला लायटिंग असतं, केक असतो, लाल टोप्या असतात. केक मी खाते. पण हा सण घराबाहेर पडलेल्या माणसांचा आहे, हे मला गावात कधी सुचलं नव्हतं.

पुनरुत्थान दिन बायांचा. आपल्याकडे पहाटे दफनभूमीत बाया आधी आत जातात आणि त्यांनी हाक दिल्याशिवाय पुरुष फाटक ओलांडत नाहीत, कारण येशूच्या कबरीकडे पहिल्यांदा गेल्या त्या बायाच. त्यांनी सुगंधी द्रव्यं नेली, म्हणून आपणही लवंग, दालचिनी, मिरी, धणे पदराला बांधून न्यायचो. एका वर्षी चर्चचे नवे पाळकसाहेब हसले. "अहो मावशी, ते प्रेताला लावायचं होतं. मटणाचा मसाला नव्हे." दोन पिढ्यांची चूक. सगळ्याजणी ओशाळल्या. तेव्हा आपल्या सासूबाई म्हणाल्या, "पण प्रेत सापडलंच नाही ना, साहेब? मग नेलेलं परत आणलं असंल. घरी आणून काय केलं असंल त्यांनी?" दुपारी पाळकसाहेबांनी त्याच मसाल्याचा रस्सा दोनदा मागून घेतला.

पनवेलची आमची मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. पहिल्या वर्षी मी इथल्या पाळकांना पहाटेचं विचारलं. ते म्हणाले, "आजी, लोकांच्या ड्युट्या असतात. उपासना नऊला." नऊला ऊन तापलेलं असतं. शास्त्रात अंधार आहे. सुधीरला न उठवता मी रिक्षा केली आणि पुरचुंडी घेऊन दफनभूमीवर गेले. गेटला कुलूप. वॉचमन जवळच्या गव्हाण गावचा. आतूनच म्हणाला, "आजी, आत कोन हाय तुमचं?"

"कोणी नाही."

"मंग उघडू कशाला? मला ऑर्डर नाय."

मी बाहेर फुटपाथवर बसले आणि मेणबत्ती लावली. त्या बाया वाटेत एकमेकींना विचारत होत्या की कबरीच्या तोंडावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटणार. लहानपणापासून वाचलेलं, पण कुलपासमोर बसल्यावर कळलं. धोंडीची सोय झालेली नव्हती, तरी त्या निघाल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी वरच्या मजल्यावरची अलियम्मा आली. ती केरळची, मराठी बेताचं. म्हणाली, "गेट नहीं खुलेगा तो बाहर बैठेंगे. तू बैठी ना?" तिसऱ्या वर्षी मंदा आली, हॉस्पिटलात आया आहे, ड्युटीवरून थेट. चौथ्या वर्षी वॉचमनने आपणहून कुलूप काढलं. "तुमी काय आयकनार नाय," म्हणाला. मग पुरचुंडीकडे बघून, "त्यात काय हाय?" मी सांगितलं. "मंग रस्सा आमाला बी पोचू द्या." पोचवते.

दोन वर्षांपूर्वी अलियम्मा गेली. तिचे मुलगे आखातात असतात. माती देऊन चार दिवसांत परतले. आता तिच्या कबरीला चुना मी लावते. त्यानंतर आत कोण आहे, असं वॉचमनने विचारलेलं नाही. हल्ली पहाटे आम्ही वीसेक बाया असतो. आदल्या शनिवारी संध्याकाळी तो चावी माझ्या घरी आणून देतो. ती दाराजवळच्या खिळ्याला असते. माझ्यानंतर ती मंदाने घ्यायची, हे ठरलं आहे.

तेव्हा सरू, जागा सोडून दे. तुला हवी असेल तर तू घे. मला अलियम्माच्या रांगेत ठेवायचं. सुधीर म्हणाला, "आई, असं बोलू नकोस." मी म्हणाले, बोलत नाही, तू लिहून घे. कुठलं घर, त्याचं उत्तर एवढंच आहे.

भाऊजी तिथे एकटे पडलेत, असं तू म्हणालीस. त्या पहाटे बायांना कबरीपाशी काय सांगितलं गेलं ते पुन्हा वाच. तो इथे नाही, असं सांगितलं. ते खरं मानते म्हणून तर इतकी वर्षं अंधारात उठले. ह्यांच्यापुरतं खोटं कसं मानू?

येत्या पुनरुत्थान दिनी ह्यांच्या दगडावर माझ्या नावाची पुरचुंडी ठेव. उपासना झाली की उचल आणि घरी ने. तिथे टाकून येऊ नकोस.