हिवतापवाल्यांच्या घरातले फुगे

लग्नानंतर मी पौडला राहायला गेले तेव्हा हे हिवताप खात्यात तपासनीस होते. गावोगाव फिरून साठलेलं पाणी शोधायचं, लोकांना रांजण पालथे करायला लावायचे, घराघरांत डी.डी.टी.ची फवारणी करून घ्यायची, हे यांचं काम. कुणाच्या दारात डासाची अळी दिसली तर त्याला भर अंगणात चार शब्द ऐकवायचे. आणि आमच्या न्हाणीमागच्या पडक्या हौदात हेच अळ्या वाढवत होते.

कारण होतं मासे. यांचा एक केरळकडचा सहकारी रजेवरून परतताना काचेच्या बरणीत बोटाच्या पेराएवढे मासे घेऊन आला होता. पिवळसर हिरवे, पाठीवर काळे ठिपके. डिवचलं की पोट फुगवून वाटाण्यासारखे गोल व्हायचे, म्हणून आम्ही त्यांना फुगे म्हणायचो. डासाच्या अळ्या ते आवडीनं खातात हे कळल्यावर यांना वेडच लागलं. पुण्याहून काच कापून आणली, लोखंडी पट्ट्यांची चौकट करून घेतली, फटी काचा बसवायच्या लांबीनं बुजवल्या आणि पेटी आतल्या खोलीत खिडकीखाली मांडली.

पावसाळा लागला तसा शेवाळात पिल्लांचा पत्ता लागला. मोहरीएवढी होती. एवढ्याशा तोंडात अळी कशी जाणार? म्हणून केळ्याची साल पाण्यात कुजवायची, पाणी गढूळलं की त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव चमच्यानं पेटीत सोडायचे. वास असा यायचा की स्वयंपाक करताना मी पदर नाकाला लावायची. पिल्लं जरा मोठी झाली की बारीक अळ्या, मग भातखाचरातल्या लहान गोगलगाई. "यांचे दात नखासारखे वाढत राहतात," हे म्हणायचे, "कवच फोडायला मिळालं नाही तर तोंडच मिटून बसेल." मेलेलं काही टाकलं तर ते तोंड लावत नसत. खाणं जिवंतच पाहिजे.

आम्ही राहत होतो ते घर एका शेतकरी कुटुंबाचं. पुढच्या भागात ते, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. घरमालकीण चाळिशीची, उंच, कामाला वाघीण. मी तिला काकी म्हणायची. तिचं लक्ष नाही अशी एकही वस्तू त्या घरात नव्हती. एक दिवस ती हौदाशी उभी राहिलेली दिसली. वर बांधलेलं धोतराचं फडकं तिनं उचलून धरलं होतं.

"वैनी, ह्ये काय हाय?"

"माशांचं खाणं आहे, काकी. डास बाहेर पडू नयेत म्हणून वर फडकं बांधलंय."

"आमचा रांजण पालथा करायला लावला साहेबांनी. आन हितं डासं पाळल्यात?"

मी समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, फडकं पुन्हा बांधलं आणि गेली. पुढच्या आठवड्यात विहिरीवर गेले की बायका बोलायच्या थांबू लागल्या. कुणीतरी काढलं होतं, की डास संपले तर हिवतापवाल्यांची नोकरीही संपेल, म्हणून साहेब घरी डासांचं बी धरून आहेत.

त्याच सुमारास पिल्लं कमी व्हायला लागली. सकाळी दिसलेलं पिल्लू दुपारी नसायचं. पेटीवरची जाळी जागच्या जागी, पाणी तेवढंच, मेलेलंही कुठं दिसत नाही. माझा पहिला संशय काकीच्या मांजरीवर गेला आणि मग, खोटं कशाला सांगू, काकीवर. हे फिरतीवर असायचे, मी पाणी भरायला जायची, आतल्या खोलीला कुलूप नव्हतं. मी मांजरीचं नाव काढलं तशी काकी उसळली.

"माजी मांजर दुधाला तोंड लावत न्हाई इचारल्याबिगर! तुमचा मासा खाईल व्हय ती?"

तेवढ्यात एक मोठा मासा मेला. मी तो उकिरड्यावर टाकला. संध्याकाळी काकीची एक कोंबडी तिथंच पाय ताणून पडली. काकीनं ती कोंबडी पायाला धरून आमच्या दारात आणली. हे नुकतेच घरी आले होते.

"साहेब, ह्यो मासा इषारी हाय का?"

यांना खोटं बोलता येत नसे. "समुद्रातला याचा भाऊबंद विषारी असतो. याचं मला नक्की माहीत नाही. पण खाऊ नये कुणी."

कोंबडी माशानं मेली, की तिनं दुसरं काही टिपलं होतं, ते कधीच कळलं नाही. पण गावात दुसऱ्या दिवशी गोष्ट वाढली. आता साहेबांच्या घरात नुसते डास नव्हते, विषही होतं, आणि विहीर तर आमच्या परसातून दिसत होती. मी पाण्याला गेले की कुणीतरी म्हातारा उगाच विहिरीच्या काठावर येऊन बसायचा.

मग फवारणीची फेरी आली. पंप घेऊन माणसं आमच्या आळीत शिरली, तर पहिल्याच दारात कडी लागली. पाच-सहा बाप्ये आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. त्यातला एकजण पुढं झाला.

"आदी तुमच्या घरात मारा, साहेब. मागल्या टायमाला तुमच्या आतल्या खोलीत मारलं न्हाई. आमच्या भिंतींवर पांढरं हाय, तुमच्या कुटं हाय?"

खरं होतं ते. ते औषध माशाला फार वाईट. पेटीपायी यांनी ती खोली सोडली होती. आणि ही आतली गोष्ट बाहेर कुणी सांगितली असेल, हे मला काकीकडं पाहताच कळलं. तीही नजर न चोरता माझ्याकडे बघत होती.

हे मला म्हणाले, "अगं, मासे बाहेर काढ."

मोठे मासे कळशीत, पिल्लं लोणच्याच्या बरणीत. पण ठेवायचे कुठे? काकी म्हणाली, "माज्या परड्यात ठिवा. पन मी बघत बसनार." सगळ्यांसमोर आतली खोली फवारली गेली, आढ्यापासून जमिनीपर्यंत. आणि परड्यात आम्ही दोघी बरणीच्या दोन बाजूंना बसलो. काकी आपल्या कोंबड्या राखत होती, मी माझे मासे राखत होते, आणि दोघीही एकमेकींना. फुग्याचे डोळे वेगवेगळे फिरतात. एक डोळा तिच्याकडं, एक माझ्याकडं.

"कसं बगतंय मेलं," काकी म्हणाली. "सावकारावानी."

एवढ्यात जरा थोराड पिल्लू धाकट्याच्या मागं गेलं, शेपटीला चावलं, पुन्हा चावलं. धाकटं कलंडलं. मोठ्यानं त्याचे लचके तोडले आणि बघता बघता त्याचं काही उरलं नाही.

काकी बरणीवर वाकली. "आगं बया! सख्ख्या भावाला खाल्लं की!" मग हळूच माझ्याकडं बघून म्हणाली, "आन तुमी माज्या मांजरीला बोल लावला."

"तुम्हालाही लावला होता, मनात," मी म्हणाले.

ती हसली नाही, पण रागावलीही नाही. "मीबी बोलले तुमच्या भिंतींचं," ती म्हणाली. "बोलनारच. माजी दोन पोरं हिवतापानं गेली."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिनं पदर खोचला आणि पंपवाल्यांना आपल्या दारात घेऊन गेली. तिच्यामागोमाग आळीतल्या कड्या निघाल्या.

पेटी धुऊन धुऊन घेतली, खोली कितीतरी दिवस उघडी टाकली, तरी मोठे मासे वाचले नाहीत. मेले ते यांनी खोल खड्ड्यात पुरले. राहिली बरणीतली दोन पिल्लं, तीही एका बरणीत राहीनात, म्हणून वेगवेगळी ठेवली. हौद तर काकीनं दुसऱ्याच दिवशी आम्हाला न विचारता मातीनं बुजवला होता.

मग खाण्याची पंचाईत झाली. हे फिरतीवरून येताना लोकांच्या डबक्यांतल्या अळ्या डब्यात भरून आणू लागले. एकदा एस.टी.त कंडक्टरनं डबा उघडायला लावला आणि यांना पौडपर्यंत उभं आणलं. गोगलगाई मात्र काकी आणायची. भातखाचरातून येताना ओच्यातून काढून उंबऱ्यावर ठेवायची, बरणीजवळ उभी राहून तिसऱ्याच कुणाकडं बघितल्यासारखं करायची आणि कवच फुटल्याचा बारीक आवाज येईपर्यंत हलायची नाही. औषध लागलेलं असेल या धास्तीनं मी प्रत्येक गोगलगाय आधी तीनदा पाण्यातून काढायची, मगच बरणीत टाकायची. तिला ते दिसायचं.

"धुवा, धुवा," ती म्हणायची. "मीबी तुमच्या हातचं पानी बघूनच पितिया."