तिसऱ्या मिश्रणाची ओली चाचणी

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, मार्चमधल्या एका रविवारी, माजलगाव धरणाच्या कोरड्या तळात, आमच्या सहकारी संस्थेने सायकलच्या ब्रेकसाठी तयार केलेले तिसरे मिश्रण ओल्या चाचणीत नापास झाले. मी तिथे हजर होते.

संस्था टायर रिमोल्डिंगची होती. साखर कारखान्याला ऊस आणणाऱ्या टायरगाड्या आणि ट्रॉल्या यांच्या झिजलेल्या टायरांवर नवे रबर चढवायचे, हे तिचे काम. पहिल्या वर्षी पाऊस गेला तेव्हा कारखान्याचा हंगाम अर्ध्यावर संपला. दुसऱ्या वर्षी बॉयलर पेटलाच नाही. ऊस नाही म्हणून गाड्या नाहीत, गाड्या नाहीत म्हणून टायर नाहीत. सभासदांपैकी बरेचजण जनावरे घेऊन चारा छावणीत राहायला गेले होते.

शेडमधले मुख्य यंत्र म्हणजे दोन लोखंडी रोलर. त्यांच्यामधून रबर, गंधक आणि काजळी पुन्हा पुन्हा दाबून एकजीव करतात. त्याला मिक्सिंग मिल म्हणतात, पण रसवंतीच्या यंत्रासारखे दिसते म्हणून सगळे त्याला चरकच म्हणत. संस्था निघाली तेव्हापासून तो चरक माझा नवरा चालवत असे. त्याने दुसरे कोणतेही काम कधी केले नव्हते. बंद शेडमध्ये चरक ठेवून काय करायचे, विकून टाकू, असा विषय संचालक मंडळात निघाला, तेव्हा त्याने मार्चअखेरपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर चरकावर दुसरे काही बनवून दाखवतो, नाही जमले तर विका, असे तो म्हणाला आणि मंडळाने ते मान्य केले.

दुसरे काही काय, ते त्याच्या चुलतभावाने सुचवले होते. हा माझा चुलतदीर पुण्यात ट्रायल सायकली जुळवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये काही वर्षे होता. ट्रायल सायकलीला सीट नसते. पाय जमिनीला न टेकवता दगडावरून दगडावर उड्या मारत जायचे, हा तिचा खेळ. त्यात ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी थांबावे लागते. बोटभर जरी सरकले तरी माणूस खाली येतो. म्हणून रिमला ग्राइंडर मारून खरखरीत करतात आणि ब्रेकचे रबरही वेगळ्या मिश्रणाचे लागते. ते परदेशातून येई, उशिरा येई आणि लवकर झिजे. वर्कशॉपच्या मालकाने दिराला सांगितले होते, की कोरड्यात आणि ओल्यात दोन्हीकडे धरणारे पॅड बनवा, दर महिन्याला घेतो.

दीर घरी आला होता आणि सायकल त्याने सोबत आणली होती. गावात तिची बरीच चर्चा झाली.

"काय बे, शीट इकून खाल्लं का?"

"बसायचं न्हाई तर सायकल कावून घेतली? पायी फिर की."

तो उत्तरादाखल सायकल एका चाकावर उभी करून दाखवत असे, म्हणजे आणखी माणसे जमत.

मी तेव्हा बीडला एका दैनिकात उपसंपादक होते आणि आठवड्याच्या शेवटी घरी येत असे. पहिल्या दोन मिश्रणांच्या चाचण्या मी पाहिल्या नाहीत. नवऱ्याने फोनवर सांगितले, की पहिले रबर रिमवर काळ्या शेवया होऊन निघून गेले आणि दुसरे इतके टणक झाले की ब्रेक नुसता किंचाळतो, धरत नाही. तिसऱ्यात त्याने काजळी कमी केली, राळ घातली आणि साचा जास्त वेळ गरम ठेवला.

त्या रविवारी आम्ही धरणात उतरलो. पाणी मागे हटत गेले तशी बुडालेली जुनी गावे वर आली होती. घरांची जोती, देवळाच्या पायऱ्या, दगडी उंबरे. चढउताराचे दगड आणि नेम धरून उडी मारायला कडा, चाचणीला याहून चांगली जागा जिल्ह्यात नव्हती. संस्थेचे अध्यक्ष स्वतः आले. सगळे त्यांना आबा म्हणत. धरण व्हायच्या आधी त्यांचे घर याच गावात होते. त्यांनी आपले जोते शोधून काढले आणि त्यावर उपरणे पसरून बसले.

दीर त्यांच्या शेजारच्या दगडावर सायकल घेऊन चढला, तसे आबा म्हणाले, "हळू. तिथं आमची चूल व्हती."

"उतरू का आबा?"

"आता काय उतरतो. नाचव, नाचव चुलीवर. आईनं पाह्यलं असतं तर उलथन्यानं मारलं असतं तुला."

कोरडी चाचणी झाली. उतरत्या दगडावर पुढचा ब्रेक दाबून, मागचे चाक हवेत उचलून, दीर थांबला. नवऱ्याने टायर आणि दगड यांवर मिळून खडूची एक रेघ ओढली. रेघ जुळलेलीच राहिली. दिराचे हात थरथरायला लागले तरी रेघ तुटली नाही. दोन-तीन वेगवेगळ्या दगडांवर हेच झाले. आबा उठून जवळ आले आणि त्यांनी रिमला बोट लावून पाहिले.

"धरतंय की रे."

"धरतंय आबा," नवरा म्हणाला.

मग ओली चाचणी. नवऱ्याने घरून आणलेल्या कॅनमधून रिमवर पाणी ओतले, दिराने चाक फिरवून ब्रेक ओला करून घेतला आणि तोच उतार घेतला. चाक हातभर घसरले आणि दीर पाठीवर पडला. त्याने पॅड काढून काचपेपरने घासले आणि पुन्हा बसवले. पुन्हा पाणी ओतले. पुन्हा घसरले. कॅन संपेपर्यंत तेच झाले.

आबांनी उपरणे झटकले. "तिकडं पुण्याला पाऊस पडतो गड्या. तिथं काय दाखवशील?"

त्या आठवड्यात संचालक मंडळाची बैठक झाली आणि चरक जिल्ह्याबाहेरच्या एका व्यापाऱ्याला विकण्याचा ठराव झाला. ट्रक एप्रिलमध्ये येणार होता.

इथे पाण्याबद्दल सांगणे आवश्यक आहे. आमची वस्ती गावाच्या पूर्वेला, विहाराभोवती आहे. टँकर आधी गावात जाई, शेवटी आमच्याकडे येई, आणि कधी कधी येईपर्यंत त्यात फारसे उरत नसे. त्यामुळे घरात तीन पिंपे होती. पहिल्यातले पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला. दुसऱ्यातले भांडी आणि आंघोळीला. आंघोळ परातीत उभे राहून करायची आणि परातीतले पाणी तिसऱ्या पिंपात ओतायचे. ते जनावराला चालत नसे, पण शेण सारवायला, संडासला आणि दारातल्या लिंबाला चाले. वस्तीतल्या प्रत्येक घरात हीच पद्धत होती. चाचणीसाठी पाणी कुठून आणायचे असे नवऱ्याने आबांना विचारले होते. त्यांच्या मळ्यातल्या बोअरला तेव्हा पाणी होते. आबा म्हणाले होते, "चाकावर वतायला पाणी लागतंय किती? घरून आण." नवऱ्याने कॅन तिसऱ्या पिंपातून भरला. त्यात आमच्यापैकी कुणालाच वावगे वाटले नाही. पहिल्या पिंपाला हात लावायचा विचार कुणाच्या मनात आला नाही.

ठराव झाल्यानंतर दीर तेच पॅड लावून गावात फिरत होता, कारण त्याच्याकडे दुसरे नव्हते. एका सकाळी वस्तीवर टँकर आला. त्याचा मागचा कॉक गळत होता, बायका धारेखाली घागरी लावत होत्या आणि उरलेले पाणी उतारावरून वाहत होते. दीर वरून सायकलवर उतरत होता. वाहत्या पाण्यातून चाक गेले, समोर घागर घेऊन एक म्हातारी आडवी आली, त्याने ब्रेक दाबला. सायकल तिथेच थांबली. दीर थांबला नाही. तो हँडलवरून पुढे जाऊन टँकरच्या चाकाशी पडला.

म्हातारी म्हणाली, "डोळे फुटले का तुझे?"

दीर गुडघा धरून ओरडत सुटला, "दादा! धरलं! ओल्यात धरलं! धरलं म्हणून पडलो!"

मी त्या दिवशी रजेवर घरी होते, त्यामुळे पुढचे माझ्यासमोर घडले. नवरा बाहेर आला. त्याने रिमला हात लावला, रिम ओला होता. मग तो आत गेला, तिसऱ्या पिंपात हात बुडवून बोटे एकमेकांवर घासली आणि बाहेर येऊन ती बोटे दिरासमोर धरली. दिराने वास घेतला.

"साबण हाय दादा ह्याच्यात."

सासूबाई चुलीशी होत्या. त्या म्हणाल्या, "मग? आंघोळीचंच हाय ते. चहाचं द्यावं व्हतं का तुमच्या चाकाला?"

त्यानंतर पहिल्या पिंपातले तांब्याभर पाणी घेऊन उतारावर चाचणी झाली. पाणी सासूबाईंनी स्वतः काढून दिले आणि खाली परात धरायला लावली. चाक घसरले नाही. परातीत जमलेले पाणी तिसऱ्या पिंपात गेले.

दुसऱ्या दिवशी पॅडच्या काही जोड्या एसटीच्या पार्सलने पुण्याला गेल्या. नवरा आबांकडे गेला. मी सोबत होते. आबा मोसंबीच्या बागेत ठिबकच्या नळ्या तपासत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"साबण म्हणतोस?"

"व्हय आबा. पाणी आमच्या घरचं व्हतं ना."

आबांनी हातातली नळी बंद केली. मग म्हणाले, "ठराव झालाय. मला एकट्याला फिरवता येत न्हाई. सर्वसाधारण सभा बोलवा. सभासदांच्या सह्या आण, मी आडवा येणार न्हाई."

ते आडवे आले नाहीत, हे नोंदवायला हवे. नवरा आणि दीर यांनी छावण्यांमध्ये फिरून सह्या गोळा केल्या. सह्या सगळ्यांनी दिल्या. त्याच सुमारास पुण्याहून फोन आला. ब्रेक कोरड्यात धरतो, ओल्यात धरतो, आवाज जरा जास्त करतो, पण चालेल. किती देता येतील ते कळवा, असे मालक म्हणाला. नवऱ्याने फोन स्पीकरवर ठेवला होता. दीर म्हणाला, "आवाज काय, रडला तरी चालंल."

विशेष सभा शेडमध्ये, चरकाशेजारी भरली. वेळ दुपारची होती. छावण्यांमध्ये चारा दुपारीच वाटत. वाटपाच्या वेळी दावणीला माणूस नसेल तर त्या जनावराचा चारा मिळत नसे. छावणीतल्या सभासदांपैकी कुणीही आले नाही. त्यांच्यातल्या एकाने निरोप पाठवला होता, "सभेला आलो तर म्हैस ठराव खाईल का?"

अर्धा तास वाट पाहिली. आबांनी हजेरी मोजली, पुन्हा मोजली. नेहमीची सभा गणपूर्तीअभावी तहकूब करून नंतर भरवता येते. सभासदांनी मागणी करून बोलावलेली सभा मात्र रद्द होते. सचिवांनी तो नियम वाचून दाखवला. नवऱ्याने विचारले, पुन्हा बोलावता येईल का. सचिव म्हणाले, येईल, पुन्हा सह्या आणि पुन्हा नोटीस. नोटिशीची मुदत ट्रक येण्याच्या तारखेपलीकडे जात होती. व्यापाऱ्याला थांबायला सांगता येईल का, असे आबांनी स्वतः फोन करून विचारले. तो नाही म्हणाला.

नवऱ्याने पुण्याला फोन करून पॅड देता येणार नाहीत असे कळवले. मालकाने मिश्रण विकता का म्हणून विचारले. नवरा म्हणाला, मिश्रण असे कागदावर नसते, चरकावर हाताला समजते, कधी थांबायचे ते. मालक बरे म्हणाला.

ट्रक एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आला. चरक पायाच्या बोल्टांपासून सोडवायला सकाळ गेली. बोल्ट नवऱ्यानेच सोडवले, कारण कुठला कसा बसला आहे ते इतर कुणाला माहीत नव्हते. शेडपुढची जागा उताराची होती. चरक वर चढवताना ट्रक मागे सरकू नये म्हणून चाकांखाली दगड लावले होते. दीर एका चाकाशी बसून राहिला. आबा आले होते. ते नवऱ्याला म्हणाले, "पाऊस पडला की घेऊ दुसरा." नवरा हो म्हणाला.

दुपारी ट्रक निघाला. दीर सायकलवर उभा राहून त्याच्या मागे तेलगावच्या रस्त्याला लागला, फाट्यापर्यंत गेला आणि परत आला. सोमवारी नवरा चारा छावणीच्या वजनकाट्यावर कामाला लागला.