दिगूमामाची हातोडी

दिगूमामा कुठलीही वस्तू आधी ठोकून बघायचा. कलिंगड, नारळ, पाण्याची टाकी, शेजाऱ्यांचा नवा दरवाजा. "खण वाजलं की पास, बद्द वाजलं की फेल," हा त्याचा कायदा. रेल्वेत तो कच्च्या तेलाच्या मालगाड्या तपासायचा. चाकाचाकावर हातोडी मारून आवाज ऐकायचा, टाक्यांची झाकणं हुंगायचा, आणि मगच सही करायचा. त्याच्या सहीशिवाय गाडी हलत नसे. मला बघायला मुलगा आला तेव्हा पाठीवर थाप मारता मारता मामानं त्यालाही तपासलं. मुलगा पास, त्याची स्कूटर फेल, असा निकाल लागला. स्कूटरचं चाक खरंच डुगडुगत होतं.

लग्न करोंदला, रुळांलगतच्या कार्यालयात. नवरीला मामानंच बोहल्यावर आणायचं, आणि मामाचाच पत्ता नाही. सोबतच्या तपासनिसाला ताप म्हणून "एकच गाडी बघून येतो" सांगून गेला होता. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली तेव्हा आईनं फोन लावला. एक चाक बद्द वाजलं होतं. साहेब भाचीच्या लग्नाची आठवण देऊन सही मागत होते, आणि मामा त्यांना सांगत होता, "साहब, शादी रुक सकती है. टँकर पटरी से उतरा तो तेल नहीं रुकेगा." मग आईला म्हणाला, "ताई, ही गाडी तुमच्या मांडवामागूनच जाणार आहे. तो डबा काढल्याशिवाय मी सही करणार नाही."

आई संतापली. भटजींनी एखाद्या काकांना उभं करायला सुचवलं. मी शालू सावरून खुर्चीत ठाण मांडलं आणि मामाशिवाय उठणार नाही म्हणून सांगितलं. मुहूर्त टळला. पंचांगातून पाऊण तासानंतरचा दुसरा निघाला, आणि त्यालाही मामा जेमतेम पोचला, तेलकट गणवेशात, हातात हातोडी. दुसऱ्या हातानं त्यानं मला बोहल्यावर नेलं आणि पाट ठोकून घेतला. अंतरपाट धरणारे हसून हसून डगमगायला लागले.

पंगत बसली आणि ती गाडी आली. मामा जिलबी टाकून खिडकीशी गेला. व्याही धरून सगळी पंगत तोंडातला घास न चावता ऐकत बसली. शेवटचा डबा गेला. "पास," मामा म्हणाला, तशा वाढप्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. आई मात्र त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही.

मामाला जाऊन दोन वर्षं झाली. मला त्याची फार आठवण येते, आणि दर वेळी हसूच येतं. आई आता करोंदलाच राहते. घरामागून मालगाडी आली की लाटणं थांबवून ती कान देते. शेवटचा डबा गेला की "पास" म्हणते, आणि मगच पोळी तव्यावर टाकते.