आईला दिलेला शब्द

मुरगूडच्या क्रांतीनं कोल्हापुरात बायकांना स्कूटर शिकवायचा क्लास स्वतःच्या हिमतीवर उभा केला होता. ऋतुराजवर तिचा कॉलेजपासून जीव. लग्नानंतरही क्लास चालवायचा, हे दोघांचं कधीच ठरलेलं.

लग्न ठरलं आणि नव्या बायका यायच्या बंद झाल्या. मग एकीनं विचारलंच, "मॅडम, क्लास बंद करताय न्हवं? ऋतुराजदादाच सगळ्यांना सांगत्यात."

क्रांतीनं त्याला रंकाळ्यावर गाठलं. तो म्हणाला, "आईला शब्द दिलाय मी. तुला विचारलं असतं तर तू न्हाय म्हणाली असतीस की."

"म्हंजे ठावं हुतं तुला! मग हे लग्न मोडलं. तुझ्या आईला मीच सांगते."

ती तडक त्याच्या घरी गेली. आई चकितच झाली. "मी कवा म्हणाले गं क्लास बंद कर? तूच शिकवून कट्टाळलीस, असं सांगिटलं की त्यानं!"

क्रांती उंबऱ्यावरच बसली. इतकी वर्षं कुणावर जीव टाकला, या विचारानं तिला रडू फुटलं. आईनं पाणी आणलं, समजूत घातली, पण क्रांतीनं लग्नाला पुन्हा होकार दिला नाही. दुसऱ्या दिवशी सुजल्या डोळ्यांनी ती क्लासवर गेली. शिकायला एकच बाई आली होती.