कॅप्सूल आणि डावा डोळा

डॉक्टरांनी संगणकावर आमच्या यांच्या डाव्या डोळ्याचा फोटो दाखवला आणि म्हणाले, “काका, याला डायबेटिक रेटिनोपॅथी म्हणतात.” म्हणजे रक्तातल्या साखरेमुळे डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होणं. डाव्या डोळ्यात त्या पाझरत होत्या, पडद्याच्या मधोमध सूज होती. उजव्यात नुकती सुरुवात होती. डाव्या डोळ्यात इंजेक्शनं लगेच सुरू करा, असं सांगितलं.

डोळ्यात सुई, एवढंच यांच्या कानात राहिलं. घरी येईपर्यंत जालना रोडभर तेवढंच घोकत होते.

दोनच दिवसांनी माझा भाऊ खुलताबादहून कॅप्सूलची बाटली घेऊन आला. त्यात फ्लेव्होनॉइड असतात, म्हणजे फळं, पानं, साली यांच्यात असणारे घटक. “दाजी, झाडपाल्याचंच हाय. सुई कशाला टोचून घेता?” बिचाऱ्याला काळजीच होती.

मला राहवेना. बाटली पिशवीत घालून मी एकटीच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बाटलीच्या मागचं सगळं नीट वाचलं. “प्रयोगशाळेत, उंदरांवर यांचा परिणाम चांगला दिसलाय,” ते म्हणाले. “माणसांवरचे अभ्यास मात्र छोटे आहेत, थोड्या काळाचे. यानं नजर वाचते, असं अजून कुणी दाखवलेलं नाही. घ्यायच्या तर घेऊ देत, पण इंजेक्शनच्या जागी नाही.”

घरी येऊन शब्द न् शब्द सांगितला. हे म्हणाले, “आधी ह्या संपू दे.”

हे चिकलठाण्याला कारखान्यात क्वालिटी विभागात होते. उभं आयुष्य तयार पार्ट तपासण्यात गेलं. स्वतः मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, असा खाक्या. मग कॅप्सूलचा गुणही मोजायला घेतला. रोज सकाळी दारात खुर्ची टाकून बसायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि जुन्या स्टीलच्या पट्टीवरच्या बारीक रेघा वाचायचे. “लई फरक पडला बघ,” म्हणायचे. “रेघ न् रेघ दिसती.”

मीही सुखावले. इतका चोख माणूस सांगतोय म्हटल्यावर मी इंजेक्शनचा विषय सोडून दिला.

मग एकदा जेवताना डावीकडचा तांब्या त्यांच्या हातानं कलंडला. दुसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटला. मी हट्टानं दवाखान्यात नेलं.

तिथल्या मुलीनं त्यांचा उजवा डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. हे पुढं वाकले, डोळा चोळला. मग हळूच म्हणाले, “लाईट गेली का?”

लाईट होती. डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. भिंगातून बघताना डावा डोळा मिटून घ्यायची सवय कारखान्यातली, इतकी जुनी की त्यांच्या ध्यानातही यायचं नाही. दारात बसून ते रोज तपासत होते तो उजवा डोळा. बिघडलेला डोळा एकदाही तपासला गेला नव्हता.

डॉक्टर रागावले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ऑपरेशन झालं, पण डाव्या डोळ्याला आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. उजव्यातही सूज आली, म्हणून त्याला इंजेक्शनं चालू आहेत. प्रत्येक वेळी हे माझा हात घट्ट धरतात आणि सुई टोचून घेतात.

तुमच्या घरात कुणाला साखर असेल तर त्यांचे डोळे एकेक झाकून बघा. गोळ्या कुठल्याही चालू असोत, डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. आमच्या भावावर माझा राग नाही. कॅप्सूलवरही नाही. वेळ गेला, त्याचं फार वाईट वाटतं.

परवा दवाखान्यातल्या बाकावर मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले होते. मुकाट्यानं रडत होते. त्यांना कळलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, “कुठं गेली गं? इकडं ये की, दिसंल अशी बस.”

मी डोळे पुसले आणि उठून उजवीकडे जाऊन बसले.