मासा रुसलाय

“आज मासा रुसलाय, साहेब. उद्या नक्की लागतो.” होडी बेटाला लावता लावताच चाचा हे सांगायचे. अजून माझी पिशवीसुद्धा खाली उतरलेली नसायची.

कळंबकडच्या एका जुन्या तलावात बाभळींनी भरलेलं बेट होतं. निजामाच्या अंमलदारांनी तिथं मासेमारीच्या हौसेसाठी लहानसा बंगला बांधला होता. चाचा तिथले खानसामा. संस्थान विलीन झालं, अंमलदार हैदराबादला गेले आणि बेटावर उरले पाणकावळे आणि चाचा. मी धाराशिवच्या कचेरीतला कारकून, गळाच्या नादानं तिकडं जायचो. मला साहेब म्हणणारे जगात ते एकटेच. घरी तर कोणी ऐकूनही घेत नसे.

तुमच्यापैकी कोणी गळ टाकून बसलं असेल तर ठाऊक असेल, मासा न लागण्याला शंभर कारणं असतात. चाचांकडं त्याहून जास्त होती. वारा उलटा आहे, पाणी गढूळ झालंय, तुमची सावली पडतीय. सांगता सांगता चूल पेटवायचे, वांग्याचं कालवण टाकायचे आणि म्हणायचे, “आजचा दिस राव्हा की.” मी इरेला पेटून राहायचो आणि सोमवारी कचेरीत बोलणी खायचो.

एकदा पहाटे जाग आली. चाचा घाटाच्या पायरीवर बसून भाकरी कुस्करून पाण्यात टाकत होते. पायरीशी माशांची नुसती झुंबड उडाली होती.

“चाचा, हे काय चाललंय?”

ते दचकले. मग मान खाली घालून म्हणाले, “पोट भरलं की गळाकडं बघत न्हाईत. मासा गावला की तुमी लगीच जाता, साहेब. मग म्या इथं कुणासंगं बोलायचं?”

मला रागही आला आणि गलबलूनही आलं. त्यांच्या हातातली अर्धी भाकरी घेऊन मीही कुस्करू लागलो. पुढं कितीदा तरी आम्ही मिळून माशांना जेवू घातलं, आणि मग गळ टाकून, ते का लागत नाहीत यावर गंभीर चर्चा केली.

एका हिवाळ्यात ताप येऊन चाचा गेले. मला उशिरा कळलं. तिकडं गेलो तेव्हा पलीकडच्या गावातल्या कोळ्यानं बेटावर सोडलं. बंगल्याला कुलूप होतं. पायरीवर बसून गळ टाकला, तोच मासा लागला. चांगला हातभर रोहू. पुन्हा टाकला, पुन्हा लागला. उपाशी होते बिचारे.

दोन्ही सोडून दिले. शिदोरीतली भाकरी कुस्करून पाण्यात टाकली आणि होडीवाल्याला हाक मारली. राहा म्हणणारं कोणी नव्हतं.