फाटकापासून चार पावले मागे

दत्ताराम गेल्याची वार्ता त्याच्या मुलाने फोनवर दिली, तेव्हा मी एका गृहस्थांचा रेशनकार्डातील नावदुरुस्तीचा अर्ज लिहीत होतो. अर्ज पूर्ण केला, त्यांची सही घेतली. टेबलाशेजारच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहण्याचे धैर्य मात्र झाले नाही... एके काळी कॉलेज सुटल्यावर तो रोज अर्धा तास त्यावर बसत असे. त्या फोनला आता पाच आठवडे झाले.

मुलुंडला सरकारी कचेरीबाहेर मी बावीस वर्षे अर्ज लिहीत आहे. शिक्षण नववीपर्यंतचे असले तरी माझ्या हातचा अर्ज सहसा परत येत नाही, ही ख्याती घाटकोपरपर्यंत आहे. दत्ताराम जवळच्याच कॉलेजात शिपाई होता. आम्ही दोघेही कोकणातल्या एकाच गावचे, मुंबईत एकाच चाळीत वाढलेले. दहावीचा निकाल लागला की ओळखीचे लोक मुलांना घेऊन त्याच्याकडे येत. तो गुण विचारीत नसे. मुलाला मनातल्या कॉलेजच्या फाटकापर्यंत नेई, आत वाचनालय कुठे आहे हे त्याचे त्यालाच विचारायला लावी आणि स्वतः चार पावले मागे उभा राही. ज्या फाटकावर लेकराचा आवाज फुटत नाही तिथे त्याला एकटे सोडू नये, एवढेच त्याचे शास्त्र होते.

माझी लेक समिधा दहावीला उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली. अंधेरीकडचे एक नामांकित कॉलेज मी निश्चित केले होते. दत्तारामही आमच्याबरोबर आला. मोटारींतून उतरणारी, फाडफाड इंग्रजी बोलणारी मुले पाहून समिधा सुरक्षारक्षकासमोर नुसतीच उभी राहिली. मी पुढे सरसावलो, तसा दत्तारामने माझा दंड धरला.

"तिका विचारू दे. तू मधी तोंड घालू नको."

तिने विचारलेच नाही. परतताना तो म्हणाला, पहिल्या पसंतीला आपले मुलुंडचे कॉलेज टाक, पोर चालत जाईल. अर्ज कसा भरावा हे आता तू मला शिकवणार का रे, असे म्हणून मी हसलो. प्रवेशाच्या त्या ऑनलाइन फॉर्मात पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले की ते घ्यावेच लागते. मी अंधेरीचे नाव पहिले घातले. ते मिळाले, आणि मी कचेरीबाहेर पेढे वाटले.

दिवाळीनंतर एका दुपारी तो समिधाला हाताशी धरून माझ्या टेबलापाशी आला. दोन महिने ती कॉलेजला गेलीच नव्हती. डबा घेऊन निघे, बागेत बसे आणि संध्याकाळी घरी येई. तिथेच ती त्याला दिसली होती. हिला रागावू नको, पुढच्या वर्षी आमच्याकडे आण, असे तो हळू आवाजात समजावीत होता. माझ्यासमोर चार माणसे अर्जासाठी उभी होती. त्या चौघांदेखत मी म्हणालो, "शिपायाने फाटक उघडावे. कोणी कुठे शिकावे, ते ठरवू नये."

तो समिधाच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेला.

एक वर्ष वाया घालवून समिधा त्याच्याच कॉलेजात गेली. आज ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. दत्तारामने तिच्यावर पोटच्या पोरीसारखी माया केली. माझ्या स्टुलावर मात्र तो पुन्हा बसला नाही. रस्त्यात भेटला की थांबे, "बरे आहात ना?" म्हणून विचारी. त्यापेक्षा त्याने शिवी दिली असती तर...

लोकांचे माफीनामे मी शेकड्यांनी लिहिले. त्याच्यासाठीही तीनदा लिहायला बसलो, आणि तिन्ही वेळा 'विषय' या शब्दापुढे पेन अडले. यंदा गणपतीला गावी भेटू तेव्हा समक्ष बोलू, असे ठरवले होते. त्याच्या हृदयाने तेवढी मुदत दिली नाही.

तेराव्याला समिधाबरोबर त्याच्या घरी गेलो. वहिनींशी काय बोलायचे तो मजकूर मनात जुळवून नेला होता. दारात पोचलो, आणि त्यातला एक शब्दही तोंडातून निघेना. समिधाने चपला काढल्या आणि स्वच्छ आवाजात विचारले, "काकी, आत येऊ ना?" ती गेली. मी उंबरठ्याबाहेरच उभा राहिलो.

स्टूल अजून तिथेच आहे. त्यावर मी कोणाला बसू देत नव्हतो. परवा एक गृहस्थ मुलीचा प्रवेशाचा फॉर्म भरून घ्यायला आले. मुलगी कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. मी स्टूल पुसून तिच्यापुढे सरकवले आणि कोणते कॉलेज हवे म्हणून तिला विचारले. उत्तर द्यायला वडील पुढे झाले. मी त्यांचा दंड धरला... पुढचे वाक्य दत्तारामचे, अंधेरीच्या फाटकावरचे होते. ते माझ्याने बोलवले नाही.